धूम स्टाईल

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, तालुक्याच्या बातम्यांत, एक वाक्य आठवड्यातून एकदा तरी भेटतेच. दुचाकीवरून आलेल्या दोघांनी ‘धूम स्टाईल’ने महिलेच्या गळ्यातील मंगळसूत्र हिसकावले आणि पोबारा केला. गावाचे नाव बदलते, दागिन्याचे वजन बदलते, बाई कधी मॉर्निंग वॉकला निघालेली असते तर कधी शेतातून परतत असते. ‘धूम स्टाईल’ मात्र बदलत नाही. वीस वर्षे झाली, हा शब्दप्रयोग आपल्या पत्रसृष्टीत सुखाने नांदतो आहे. ‘अज्ञात चोरटे’, ‘ऐवज लंपास’, ‘घटनास्थळी धाव’ या जुन्या घरंदाज मंडळींच्या पंगतीत त्याला पाटही मिळाला आहे.

मराठीला ‘धूम’ नवी नाही. लग्नकार्याची धूमधाम असते. चोर धूम ठोकतात. महेश कोठारे यांनी १९८५ साली ‘धूमधडाका’ काढला तेव्हा त्या नावाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नव्हता. पण २७ ऑगस्ट २००४ रोजी यशराज फिल्म्सचा ‘धूम’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला आणि या शब्दाला चाके फुटली. संजय गढवी दिग्दर्शक, आदित्य चोप्रा निर्माते, संगीत प्रीतमचे. मुंबईत दरोडे घालून मोटारसायकलींवरून पसार होणारी टोळी, तिचा म्होरक्या कबीर म्हणजे जॉन अब्राहम, त्याच्या मागावर असलेला एसीपी जय दीक्षित म्हणजे अभिषेक बच्चन आणि पोलिसांच्या मदतीला आलेला मेकॅनिक अली म्हणजे उदय चोप्रा. पिझ्झा पोचवणारी पोरे हीच दरोडेखोर निघतात, ही त्यातली मजेदार कल्पना होती. शेवटचा मोठा हात गोव्यातल्या कॅसिनोवर.

चित्रपट चालला, भरपूर चालला. त्यात नाके मुरडण्यासारखे काही नाही. अडीच तास माणसाला खुर्चीला खिळवून ठेवणे हेही कसबच आहे आणि ते ज्यांना साधत नाही तेच त्याला सर्वांत जास्त नावे ठेवतात. पाठलाग बघायला कोणाला आवडत नाही? आमच्या पिढीने ‘ज्वेल थीफ’ पाहिला, ‘व्हिक्टोरिया नंबर २०३’ पाहिला. हिऱ्यांची चोरी, किल्ल्यांची अदलाबदल, पोलिसांची फजिती यांवर आम्हीही टाळ्या वाजवल्या. तेव्हा हा लेख चित्रपटावर बंदी घाला म्हणणाऱ्यांचा नव्हे. प्रश्न वेगळा आहे. एका करमणुकीचे नाव आपण एका गुन्ह्याला दिले. त्यातून त्या गुन्ह्याचे आणि आपले काय झाले, एवढेच पाहायचे आहे.

‘धूम’चे तीन भाग आले. २००६ साली दुसरा, त्यात हृतिक रोशन. २०१३ च्या डिसेंबरात विजय कृष्ण आचार्य यांनी दिग्दर्शित केलेला तिसरा, त्यात आमिर खान. तिन्हीत पोलीस तेच, चोर मात्र दर वेळी नवा. पण चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या पोराला विचारा, तो सांगेल जॉनचा, हृतिकचा, आमिरचा ‘धूम’. दीक्षितसाहेबांचा ‘धूम’ असे कोणी म्हणत नाही. पगारी माणूस कथेत असतो, पण कथा त्याची नसते. पहिल्या भागातला चोर शरण येण्याऐवजी मोटारसायकलसह कड्यावरून झेप घेतो. दुसऱ्यातला चोर प्रेयसीसह सुखरूप सुटतो आणि फिजी बेटांवर हॉटेल थाटतो. तिसऱ्यातले जुळे भाऊ धरणाच्या भिंतीवरून एकमेकांचा हात धरून खाली जातात. न्यायालय, तारीख, तुरुंग, जामिनासाठी शेत विकणारा बाप यांतले काहीच कोणत्याही भागात येत नाही.

त्या धरणापाशी थोडे थांबू. स्वित्झर्लंडमधल्या व्हेरझास्का नदीवरचे ते धरण आहे. जेम्स बाँडच्या ‘गोल्डन आय’मध्येही तेच दिसले होते. आमच्या लोहारा तालुक्यातल्या माकणीलाही धरण आहे, तेरणेवरचे, निम्न तेरणा प्रकल्पाचे. स्वित्झर्लंडची सर त्याला नाही. पण पावसाळा बरा झाला तर तिथे संध्याकाळी लोक पाणी बघायला येतात आणि पोरे मोटारसायकली घेऊन येतात. त्यांच्या गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या. सकाळी त्याच गाडीला दुधाच्या किटल्या लटकतात, दुपारी खताचे पोते येते, रात्री अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेण्याची वेळ आली तर तीच गाडी धावते. खेड्यातल्या मोटारसायकलीने गेल्या तीस वर्षांत जे काम केले ते एसटीनंतर दुसऱ्या कोणत्या वाहनाने केले नसेल.

चित्रपटातली गाडी सुझुकीची हायाबुसा. जपानी भाषेत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. इंजिन तेराशे सीसीचे. चित्रपट आला तेव्हा ती आपल्याकडच्या दुकानात मिळतही नव्हती. म्हणून पोरांनी काय केले, तर आहे त्याच गाडीचा सायलेन्सर काढला, आरसे काढले, हँडल बदलले. ससाणा परवडत नाही म्हणून चिमणीचेच पंख छाटले. पडद्यावरची एक उडी पुरी करायला रस्ता अडवलेला असतो, कसबी चालक असतो, दोर असतात, शेजारी रुग्णवाहिका उभी असते आणि नंतर संकलक दहा तुकडे जोडून ती उडी आपल्याला दाखवतो. पोराच्या उडीला संकलक नसतो. ती एकाच तुकड्यात पुरी होते.

केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. डोक्यावर हेल्मेट नव्हते असे मृत पन्नास हजारांवर. या सगळ्याचे खापर एका चित्रपटावर फोडणे अन्यायाचे होईल. खराब रस्ते, विनादिव्याचे ट्रॅक्टर, दारू, घाई ही कारणे मोठी आहेत. पण सोळा वर्षांच्या मुलाला गिअरची गाडी देणारा बाप यांतल्या कोणत्याच कारणात बसत नाही. परवाना अठराव्या वर्षी मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे किती बापांना ठाऊक आहे? आणि ज्यांना ठाऊक आहे ते तरी ‘आमचा बंड्या फार सफाईने चालवतो’ असे कौतुकाने सांगायचे थांबले आहेत का?

आता त्या मंगळसूत्राकडे वळू. २००४ साली, ‘धूम’ आला तेव्हा, दहा ग्रॅम सोने सहा हजारांच्या आसपास होते. २०२५ साली त्याने लाखाची वेस ओलांडली. म्हणजे गळ्यातला ऐवज तोच, पण चोराच्या लेखी त्याची किंमत पंधरा-वीस पट झाली. गेल्या वीस वर्षांत आपण त्या बाईला काय दिले? एक वाक्य दिले, आणि त्यातही नाव चोरांच्या शैलीचे. हिसका बसून तिची मान कशी रक्ताळली, ती रस्त्यावर कशी फरफटली, पुढे कित्येक महिने मागून गाडीचा आवाज आला की तिच्या छातीत कसे धडधडते, हे बातमीत येत नाही. घरी गेल्यावर ‘सोने घालून मिरवायला कोणी सांगितले होते’ हे तिला ऐकावे लागते ते वेगळेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०४ वे कलम खास हिसकावून नेण्याच्या चोरीसाठी आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. कायद्याने या गुन्ह्याला त्याचे स्वतःचे नाव दिले. आपण अजून त्याला चित्रपटाच्या नावाने हाक मारतो.

मी बत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली निम्मी खेड्यापाड्यांतल्या शाखांत. त्यामुळे पडद्यावर बँक लुटली जाते तेव्हा माझे लक्ष नायकाकडे नसते, तिजोरीकडे असते. चित्रपटातली तिजोरी फार स्वच्छ असते. नोटांची कोरी बंडले, लखलखते हिरे, कोणाचेही नाव नसलेले. खऱ्या स्ट्राँगरूमला कुबट वास असतो. तिच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात आणि त्यांतला एक रजेवर गेला की दुसऱ्याची झोप उडते. आत सोनेतारणाच्या छोट्या पिशव्या असतात, लाखेचा शिक्का मारलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी, चिठ्ठीवर खातेदाराचे नाव. पेरणी तोंडावर आली की त्या पिशव्यांची संख्या वाढते. बायका दारात उभ्या राहून बोटातली, कानातली काढून सोनाराच्या हाती देतात आणि सोनार कसोटीवर घासत असताना त्याच्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहतात. सुगी झाली की काही पिशव्या सुटतात, काही सुटत नाहीत. बँकेतला पैसा कोणाचाच नसतो ही पडद्याची समजूत. प्रत्यक्षात त्या खोलीतल्या चिमूटभर सोन्यालासुद्धा माणसाचे नाव असते.

याचा दाखला हवा असेल तर केरळात मलप्पुरम जिल्ह्यात चेलेम्ब्रा नावाचे गाव आहे. २००७ च्या वर्षअखेरीस तिथल्या साउथ मलबार ग्रामीण बँकेच्या शाखेवर दरोडा पडला. चोरांनी बँकेच्या खालच्या मजल्यावरची उपाहारगृहाची जागा भाड्याने घेतली, दुरुस्तीच्या नावाखाली दार बंद केले आणि छताला भोक पाडून ते थेट स्ट्राँगरूममध्ये निघाले. सुमारे ऐंशी किलो सोने आणि लाखोंची रोकड गेली. पकडले गेल्यावर त्यांनी सांगितले की कल्पना ‘धूम’वरून सुचली. पोलिसांनी दोन महिन्यांच्या आत त्यांना गाठले आणि बरेचसे सोने परतही मिळवले. पण ऐंशी किलो हा आकडा वाचताना हेही वाचायला हवे की ती ग्रामीण बँक होती, आणि ग्रामीण बँकेतले सोने म्हणजे गावातल्या माणसांचे गहाण सोने. तिथे ना कॅसिनो होता ना हिऱ्यांचा व्यापारी.

आपल्याकडे नवी मुंबईत जुईनगरला २०१७ च्या नोव्हेंबरात बँक ऑफ बडोदाच्या शाखेत शेजारच्या गाळ्यातून भुयार खणून चोर शिरले आणि तीस लॉकर फोडून गेले. लॉकरमध्ये कोणी काय ठेवले होते याची नोंद बँकेकडे नसते, त्यामुळे लोकांनी आधी आपले काय गेले हे सिद्ध करायचे आणि मग रडायचे. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम आला. बँकेच्या हलगर्जीमुळे, चोरी-दरोड्यामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झाले तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाई. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. आजीच्या पाटल्यांचे आजच्या भावाने किती होतात, ते ज्याने त्याने घरी हिशेब करून पाहावे.

मग तरीही पडद्यावर बँक लुटली गेली की टाळी का पडते? हा प्रश्न बँकवाल्यांनी टाळू नये. ‘धूम ३’ची सगळी इमारत याच टाळीवर उभी आहे. शिकागोतला एक भारतीय सर्कसवाला, जॅकी श्रॉफने उभा केलेला. कर्ज थकते, बँकेची माणसे खेळ बघायला येतात, त्यांचे मन बदलत नाही आणि लेकराच्या देखत तो माणूस जीव देतो. पुढे मुलगा मोठा होतो आणि त्या बँकेच्या एकेका शाखेला लुटून तिला डबघाईला आणायला निघतो. शिकागोच्या प्रेक्षकाला ही परीकथा वाटली असेल. आमच्या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला ती परीकथा वाटत नाही. २०१५ साली राज्य सरकारने शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान सुरू केले ते दोनच जिल्ह्यांत, यवतमाळ आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव. पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात कर्जदार बाप पडद्यावर मरतो तेव्हा चित्रपटगृहात जी शांतता पसरते तिचा अर्थ वेगळा असतो.

बँकेचा चेहरा लोकांना का आवडत नाही, याची उत्तरे काउंटरच्या आतल्या बाजूलाही आहेत. पन्नास हजारांच्या पीककर्जासाठी पाच खेपा, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, आणि थकल्यावर मात्र वेळेवर येणारी नोटीस. शेतजमिनीला २००२ चा सरफेसी कायदा लागू होत नाही, म्हणजे त्या कायद्याखाली बँक शेताचा ताबा घेऊ शकत नाही, ही साधी गोष्ट नोटिशीच्या कागदावर कोणी मराठीत लिहीत नाही. कागदाची भीती कायद्याहून मोठी होते. बँकेच्या पायरीवरून परतलेला माणूस सावकाराच्या ओट्यावर जातो आणि तिथे ना नोटीस असते ना कायदा. ज्यांनी बँकेत पगार घेतला त्यांनी ही टाळी ऐकून कानांवर हात ठेवू नयेत.

पण त्या टाळीच्या पुढचा हिशेबही पुरा केला पाहिजे, कारण चित्रपट तो करत नाही. कर्जबाजारी शेतकऱ्याने आत्महत्या केली आणि ती मदतीस पात्र ठरली तर सरकार त्याच्या वारसांना एक लाख रुपये देते. त्यांतले तीस हजार हाती येतात आणि सत्तर हजार बँकेत किंवा पोस्टात ठेव म्हणून ठेवले जातात. म्हणजे त्या विधवेची पुंजीही शेवटी त्याच खिडकीच्या आत असते. सूड घ्यायला निघालेला मुलगा बँक फोडतो तेव्हा तो कोणाची पिशवी फोडतो? बँकेच्या अध्यक्षांची तिथे पिशवी नसतेच.

आमच्या भागाला बँकेची खरी ओळख झाली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत माळवदे कोसळली, दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्याआधी पुष्कळ घरांतली बचत बळदात, उतरंडीत, भिंतीच्या देवळीत असे. भिंतीच गेल्यावर लोकांनी मदतीचे हप्ते घेण्यासाठी खाती उघडली. ज्याचे घर दगडामातीखाली गेले आहे असा माणूस अंगठा उठवून पैसे दुसऱ्याच्या हवाली करतो तेव्हा तो केवढा भरवसा टाकतो, हे मोजायचे यंत्र निघालेले नाही. या भरवशावरचा दरोडा हाच खरा दरोडा. आणि त्याला मोटारसायकल लागत नाही.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला स्वतःच्या खात्यातून सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येणार होते. एकाच उद्योगसमूहाला दिलेली हजारो कोटींची कर्जे हजारो बनावट खात्यांआड लपवली होती. कोणी भिंत फोडली नाही, कोणी कड्यावरून झेप घेतली नाही. २०२३ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या दारांत मराठवाड्यातल्या ठेवीदारांच्या रांगा लागल्या. त्यांत मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवलेले होते, निवृत्तीचे होते, ऊसबिलाचे होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, आधी ते एक लाख होते. पण हे संरक्षण बँकांना आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या त्यात येत नाहीत. दीड-दोन टक्के जादा व्याजाची पाटी वाचताना ही गोष्ट किती घरांत बोलली जाते?

आणि चोरही बदलला. १९८७ च्या मार्चमध्ये मुंबईत ऑपेरा हाऊसला त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर सीबीआयचे खोटे अधिकारी बनून आलेल्या माणसाने दिवसाढवळ्या दागिने नेले; त्यावर पुढे २०१३ साली ‘स्पेशल २६’ हा चित्रपट निघाला. आज तोच खोटा अधिकारी फोनवर येतो. ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो, निवृत्त मास्तरांना दोन-दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतो आणि आयुष्याची पुंजी खात्यातून वळती करून घेतो. अशी अटक कायद्यात कुठेही नाही. या चोराला ससाणाही नको आणि चिमणीही नको. त्याला आपली भीती पुरते.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. ‘धूम’ बघावा, मुलांबरोबर बघावा, पॉपकॉर्नही खावे. बघून झाल्यावर एकदा विचारावे, ती बँक लुटली तेव्हा पैसे कोणाचे गेले? मुले हुशार असतात, उत्तर शोधतात. गाडीची किल्ली अठरा वर्षे पुरी झाल्यावर द्यावी आणि तिच्याबरोबर हेल्मेट द्यावे. बँकेत बसणाऱ्या आजच्या अधिकाऱ्यांनी नोटीस पाठवण्याआधी एक खेप शेतावर मारावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोनवरच्या साहेबाला घाबरू नये हे पुन्हा पुन्हा सांगावे. ते चिडले तरी सांगावे.

आणि वार्ताहर बंधूंना एक विनंती. मंगळसूत्र हिसकावले गेले तर ‘धूम स्टाईल’ लिहू नका. दोघांनी एकट्या बाईला गाठले, तिला पाडले आणि तिच्या गळ्यातले ओढून नेले, असे लिहा. चार शब्द जास्त होतील, पण बातमी त्या बाईची होईल.